बसथांब्यावरचा वाचक

वॉलेस टॅम्ब्लिनवर आयुष्यात एकदाच ‘सार्वजनिक जागी उपद्रव’ केल्याचा ठपका आला, आणि तेव्हा तो मांडीवर पुस्तक घेऊन गप्प बसला होता. पोर्ट एलरिकमध्ये दर शनिवारी मासेमार दारू पिऊन एकमेकांना धक्क्यावरून पाण्यात ढकलतात, त्याला कोणी उपद्रव म्हणत नाही. न्यूझीलंडच्या अगदी खालच्या टोकाला, जिथून पुढे नुसतं पाणी आणि मग बर्फ, तिथे माणसाला एवढी करमणूक लागतेच, असं गावाचं मत. पण एक निवृत्त, नीटनेटका, टाय लावणारा माणूस कुठेही जायचं नसताना बसथांब्यावर बसून वाचतो, हे मात्र गावाच्या पचनी पडलं नाही.

बायको आयरीन होती तोवर वॉलेसच्या वाचनाला शिस्त होती. जेवताना वाचायचं नाही. आंघोळीच्या टबात वाचायचं नाही, कारण वाचनालयाचं एक पुस्तक एकदा बुडालं होतं आणि वाळल्यावर फुगून उशीएवढं झालं होतं. पाहुणे असताना तर नाहीच, मग ते पाहुणे कितीही कंटाळवाणे असोत. बंदराच्या कचेरीत बोटींच्या येण्याजाण्याच्या नोंदी करण्यात हयात गेलेला हा माणूस, नियम पाळणं त्याच्या अंगवळणी पडलेलं. तरी तो चोरून वाचायचाच. मागच्या शेडमधून बटाटे आणायला गेला की एक प्रकरण संपवून यायचा, आणि आयरीन म्हणायची, “आज बटाटे पेरून, उगवून आणलेस वाटतं.”

गेल्या शरदात आयरीन गेली. मुलगी रोवेना अंत्यविधीला ब्रिस्बेनहून आली, फ्रिज भरून, बापाच्या औषधांच्या डब्या लावून परत गेली. शेजाऱ्यांनी जेवण भरून आणून दिलेली भांडी धुऊन ज्याची त्याला पोचती झाली. मग एका सकाळी वॉलेसने मार्मलेडच्या बरणीला टेकवून पुस्तक उभं केलं आणि टोस्ट खाता खाता वाचायला लागला. कोणी काही म्हणालं नाही. दुपारच्या जेवणात वाचलं. टबात वाचलं. थोडे दिवस शाळेला सुट्टी लागल्यासारखे गेले. पुढे त्याच्या लक्षात आलं, की आपण दर परिच्छेदाला मान वर करून बघतोय. कोणी रागावेल म्हणून नव्हे, कोणीच रागावत नाही ना, याची खात्री करून घ्यायला. असं वाचन फार पुढे सरकत नाही.

त्याच्या वाचनाची आणखी एक तऱ्हा इथेच सांगितलेली बरी, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यातूनच झाला. वॉलेस फक्त खुनाच्या गोष्टी वाचायचा आणि शेवटचं प्रकरण आधी वाचायचा. खुनी कोण, गेलं कोण, उरलं कोण, हे सगळं नीट समजून घेतलं की मग समाधानाने पहिलं पान काढायचा. ही सवय आयरीनच्या आजारपणातली, दवाखान्याच्या बाकांवर लागलेली. तिला ती अजिबात मान्य नव्हती. आधी मिष्टान्न खाऊन मग सूप पिण्यासारखं आहे हे, असं ती म्हणायची. वॉलेसला त्यातही काही गैर वाटत नव्हतं.

तर बसथांब्याचा शोध अपघाताने लागला. दाताच्या डॉक्टरकडे जायला तो हार्बर स्ट्रीटच्या थांब्यावर उभा होता. आडवा पाऊस लागला म्हणून छपराखाली बाकावर बसला, पुस्तक काढलं, आणि वर बघितलं तेव्हा डॉक्टरची वेळ टळून गेली होती. कित्येक महिन्यांत तो असं सलग वाचला नव्हता. लोक येत होते, छत्री झटकत होते, “आज वारा भलताच आहे” म्हणत होते, तो “हो ना” म्हणत होता, बस येत होती, लोक जात होते. आयरीन गेल्यापासून गावातला प्रत्येक जण त्याच्याशी बोलताना मान थोडी तिरकी करून “कसा आहेस रे वॉलेस?” असं विचारायचा, आणि त्या तिरक्या मानेचा त्याने धसका घेतला होता. थांब्यावर कोणी मान तिरकी केली नाही. शेजारी माणूस होता, आणि त्या माणसाला त्याच्याकडून काही नको होतं. हवं होतं ते एवढंच, हे त्याला तिथे बसल्यावर कळलं. पण हे कोणाला समजावून सांगायचं म्हणजे पंचाईत होती. एकटं बसायचं तर घर आहे, सोबत हवी तर क्लब आहे. या दोहोंच्या मधलं काहीतरी हवं असलेल्या माणसासाठी गावात सोय म्हणून नव्हती.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गेला. बाक लोखंडी होता, म्हणून पुढच्या दिवशी उशी नेली. मग थर्मास. मग पावसाचे शिंतोडे पुस्तकावर येतात म्हणून एक प्लॅस्टिकचा कागद. माणूस कुठेही गेला की संसार मांडतोच.

अडचण पहिल्यांदा जाणवली ती बसचालक सेफोला. हा सामोआचा, धिप्पाड, अतिशय मायाळू माणूस. थांब्यावर कोणी बसलेलं दिसलं की बस थांबवायची, दार उघडायचं, असा कंपनीचा दंडक. तो थांबायचा, दार फुस्स करून उघडायचं, वॉलेस हाताने ‘जा, जा’ करायचा, आणि बसमधले सगळे खिडकीतून त्याच्याकडे बघायचे. मग वॉलेस बसची चाहूल लागली की पुस्तक तोंडासमोर धरायला लागला. त्याचा उलटाच परिणाम झाला. म्हाताऱ्याला ऐकू आलं नाही असं समजून सेफो खाली उतरून त्याच्या खांद्याला हात लावायला लागला.

“काका, आज तरी येताय का?”

“नाही रे बाबा. तू जा.”

“जातो. पण काका, तुम्ही त्या झाडामागे बसलात तर मला थांबावं लागणार नाही.”

झाडामागे बसणं वॉलेसच्या प्रतिष्ठेत बसत नव्हतं. बस रोज उशिरा धावायला लागली. आणि त्या बसमध्ये, पुढून तिसऱ्या सीटवर, त्याची शेजारीण डोरीन फॉगर्टी असायची.

डोरीन ही वाईट बाई नव्हती, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे तसं वाटण्याचा संभव आहे. तिने जे पाहिलं त्याचा तिला लागला तो अर्थ असा: बिचारा वॉलेस घरातून निघतो, थांब्यापर्यंत येतो, आणि कुठे जायचं होतं ते विसरतो. ही गोष्ट तिने फक्त जवळच्या लोकांच्या कानावर घातली. पोर्ट एलरिकमध्ये जवळचे नाहीत असे लोक नाहीत. मग सल्ले सुरू झाले. कोणी म्हणालं कुत्रा पाळ. कोणी म्हणालं बोलिंगच्या क्लबात ये, नुसता वर्गणीपुरता सभासद आहेस. खाटकाने मटण बांधता बांधता सांगितलं, की माशाचं तेल घे, माझ्या सासऱ्याला जावयाचं नाव आठवायला लागलं. डोरीन स्वतः चीज रोलचं ताट घेऊन घरी आली आणि दारातच हळू आवाजात, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, “वॉलेस, मी डोरीन.”

रविवारी रोवेनाचा फोन आला. हवापाण्याचं बोलून झालं आणि मग ती अगदी सहज म्हणून म्हणाली, “बाबा, आज वार कुठला हो?”

वॉलेसला तोंडात मारल्यासारखं झालं. त्याने वार सांगितला, तारीख सांगितली, पंतप्रधानांचं नाव सांगितलं आणि न विचारता त्यांच्याबद्दलचं मतही सांगितलं. मग म्हणाला, “मी बसथांब्यावर वाचतो, बस. वाचायला बसतो.”

“पण घरी का नाही वाचत?”

‘घरी फार शांत असतं’ असं म्हणावं तर ती पुढच्या विमानाने येईल. “तिथे उजेड बरा असतो,” असं तो म्हणाला. पोर्ट एलरिकच्या हिवाळ्यात हे कोणालाही पटण्यासारखं नव्हतं, पण ब्रिस्बेनमध्ये चालून गेलं.

त्यानंतर नगरपालिकेचं पत्र आलं. बसथांब्याची जागा फक्त ‘बसमध्ये चढण्याचा इरादा असलेल्या’ व्यक्तींसाठी आहे, आपल्या बैठकीमुळे सार्वजनिक उपद्रव होतो, वगैरे. वॉलेस पांढरा पडला. बंदराच्या कचेरीत इतकी वर्षं काढली, एका बोटीची वेळ चुकली नाही, आणि हे. त्याने चांगला कोट घातला आणि नगरपालिकेत गेला. खिडकीपलीकडे ग्रेम पॅस्को नावाचा अधिकारी होता, पन्नाशीचा, सभ्य, आणि नियमांच्या बाबतीत इतका हळवा की एखादा मोडलेला दिसला तर त्याच्या डोळ्यांत पाणी यावं.

“तुमचा बसमध्ये चढण्याचा इरादा असतो का?” ग्रेमने विचारलं.

वॉलेसला खोटं बोलवेना. “असतो. कधीतरी.”

“कधी?”

“प्रकरण संपल्यावर.”

ग्रेमने हे नोंदवून घेतलं. मग तो मनापासून कामाला लागला. थांब्यापाशी काय काय करायला परवानगी मिळते ते त्याने शोधून काढलं. वाद्य वाजवायला मिळते. धर्मादाय डबा हलवायला मिळते. आठ फुटांपर्यंत कणसाचा स्टॉल लावायला मिळते. नुसतं वाचत बसायला मात्र मिळत नाही, कारण त्यातून काही निष्पन्न होत नाही. “कार्यक्रम असता तर दिली असती,” ग्रेम हळहळून म्हणाला. “वाचनालयाने तुम्हाला कार्यक्रम म्हणून घेतलं तर?”

वॉलेसला वाटलं, नाव काहीही देऊ देत, आपल्याला बसायला मिळाल्याशी कारण. तो सही करून मोकळा झाला. एवढा हिशेबी माणूस, पण आपण काय लिहून देतोय ते त्याने त्या दिवशी पाहिलं नाही.

वाचनालयाची ग्रंथपाल ब्रॉनवेन ही तरुण, उत्साही मुलगी. गावाने वाचावं म्हणून ती जिवाचं रान करत होती आणि गाव दाद देत नव्हतं. तिला वॉलेस म्हणजे घबाड सापडलं. आठवड्याभरात गावभर भित्तिपत्रकं लागली: ‘चला, वॉलेससोबत वाचूया.’ खाली त्याचा फोटो. तो पारपत्रासाठी काढलेला होता, त्यामुळे बंदरातून काहीतरी चोरून पळालेल्या माणसाचा शोध चालू आहे असं वाटत होतं. गुरुवारी तो थांब्यावर पोचला तर घडीच्या खुर्च्यांचं कोंडाळं, मधे किटली, पिकलेट्सचं, म्हणजे छोट्या गोड धिरड्यांचं ताट, आणि दहा-बारा माणसं मान तिरकी करून त्याची वाट बघत होती. त्याच्या बाकावर डोरीन बसली होती. तिने त्याची उशी त्याच्यासाठी थोपटून ठेवली होती.

प्रत्येकाला एकच पुस्तक मिळालं: दीपगृहात झालेल्या खुनाची गोष्ट. दर आठवड्याला दोन प्रकरणं वाचून यायची आणि चर्चा करायची. सोबत प्रश्नांचा कागद. ‘दीपगृह तुम्हाला कशाचं प्रतीक वाटतं?’ वॉलेसला ते दीपगृहाचं वाटत होतं. ‘या प्रकरणाने तुम्हाला तुमच्या आयुष्यातल्या कोणत्या प्रसंगाची आठवण झाली?’ यावर सगळे त्याच्याकडे बघायचे, कारण अलीकडे प्रसंग त्याच्याच आयुष्यात झाला होता. तो म्हणायचा, “कोणत्याच नाही,” आणि ब्रॉनवेन मायेने त्याच्या हातावर थोपटायची. बस यायची. सेफो दार उघडायचा, इतकी माणसं बघून आनंदायचा, आणि कोणीच चढत नाही हे बघून पुन्हा हिरमुसायचा.

वॉलेसला आता वाचायला मिळत नव्हतं. भित्तिपत्रकामुळे लोक इतर दिवशीही यायला लागले. “काय वाचताय? कितवं पान? आवडतंय का?” असं विचारत शेजारी बसायचे. पुस्तकातलं बोट काढून, मान वर करून, उत्तर देऊन पुन्हा तीच ओळ वाचायची, असं करता करता एका ओळीवर त्याची आख्खी सकाळ गेली. पण ही माणसं आपल्यासाठी येतात, पिकलेट्स करून आणतात, त्यांना नको कसं म्हणायचं? आपल्याला सोबत हवी होती ना? मग ही सोबतच आहे, असं तो स्वतःला बजावत राहिला. त्या कोंडाळ्यात बसून त्याला जितकं एकटं वाटलं तितकं घरातही वाटलं नव्हतं.

तिसऱ्या गुरुवारी व्हायचं ते झालं. चर्चा रंगली होती. डोरीनने आठवडाभर खपून एक उपपत्ती मांडली होती. खुनी म्हणजे गुरांचा डॉक्टर, कारण त्याच्याकडे सुई असते, आणि शिवाय तो चहात साखर घेत नाही. लोक माना डोलावत होते. वॉलेसचं लक्ष नव्हतं. किटलीच्या तोटीतून येणाऱ्या वाफेकडे तो बघत होता. डोरीनने विचारलं, “वॉलेस, तुला काय वाटतं?” आणि तो झोपेत बोलावं तसा म्हणाला, “नाही, नाही. धाकटी बहीण. शेवटी स्वतःच सांगते ती, होडीत.”



ब्रॉनवेनने हातातला प्रश्नांचा कागद खाली ठेवला. डोरीनचा चेहरा उतरला. ती चिडली असती तर बरं झालं असतं. तिने आपलं पुस्तक मिटलं, पानात खूण म्हणून घातलेली लोकर काढून घेतली आणि बोटाला गुंडाळत बसली.

“मी गुरुवारची वाट बघत होते रे,” ती म्हणाली. “रोज रात्री दोनच पानं वाचायचे, पुरवून पुरवून. मला दुसरं काय असतं?”

वॉलेसला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं कुंपणापलीकडे राहणाऱ्या बाईला संध्याकाळी दुसरं काय असतं, हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता.

“चुकलं माझं, डोरीन.”

“पण शेवट आधी का वाचायचा माणसाने? मजा काय राहते मग?”

“शेवटी कोण उरणार आहे ते आधी कळलेलं मला बरं पडतं,” वॉलेस म्हणाला. “नंतर कळलेलं झेपत नाही.”

खाटकाने घसा साफ केला. तेवढ्यात सेफोची बस आली, दार उघडलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्या कोंडाळ्यातली तीन-चार माणसं बसमध्ये चढली. त्यांना कुठेही जायचं नव्हतं.

वाचनमंडळ नंतर चर्चच्या सभागृहात हललं. तिथे हीटर होता. ब्रॉनवेनने वॉलेसला अतिशय हळुवारपणे सुचवलं, की काही लोकांना एकट्याने वाचणं अधिक मानवतं. हे तिला सुरुवातीला सुचलं असतं तर केवढं काम वाचलं असतं. कार्यक्रम हलल्यामुळे थांब्यावरची परवानगीही संपली. वॉलेस उशी काखोटीला मारून घरी आला.

पण ग्रेमला चैन पडेना. या गृहस्थाला आपण उपद्रव म्हणालो, ही बोच त्याला लागून राहिली होती. गावाबाहेरच्या टेकाडावर, समुद्राकडे तोंड करून, वॉलेससाठी एक बाक बसवायचा, आणि त्यावर त्याचं नाव असलेली पितळी पाटी, असं त्याने ठरवलं आणि मंजूरही करून घेतलं. नगरपालिकेत बाक बसवण्याची एकच योजना होती, आणि तिच्यात पाटीचा मजकूर छापील होता. नाव आणि एक ओळ तेवढी बदलता यायची.

वॉलेस बाक बघायला गेला. सुंदर बाक होता. पाटी लखलखत होती. तिच्यावर कोरलं होतं: ‘वॉलेस टॅम्ब्लिन यांच्या प्रेमळ स्मृतीस. त्यांना वाचनाची आवड होती.’

त्याने ते दोनदा वाचलं. ‘होती’ हा शब्द त्याला विशेष लागला.

टेकाडावर कुत्री फिरवायला येणाऱ्यांनी पाटी वाचली आणि बातमी खाली उतरली. बोलिंग क्लबने निशाण अर्ध्यावर आणलं. जुनी पुस्तकं विकणाऱ्या दुकानातल्या बाईने वॉलेसला दारातून आत येताना पाहिलं आणि ती मटकन खुर्चीत बसली. वाचनालयात ब्रॉनवेन रजेवर होती. बदली आलेल्या माणसाने त्याचं कार्ड संगणकाला दाखवलं आणि दुखवट्याच्या आवाजात सांगितलं, की सभासद वारल्यामुळे खातं बंद झालंय, आपण त्यांचे कोण? घरी दाराशी फुलं येऊन पडली. आपल्या नावाच्या फुलांना पाणी घालावं की नाही, हे वॉलेसला ठरवता येईना. शेवटी घातलं. फुलांचा काय दोष? डोरीनने कुंपणावरून ते पाहिलं आणि दीपगृहाच्या गुरुवारनंतर ती पहिल्यांदा हसली. “बरी गर्दी जमली असती रे तुझ्या अंत्यविधीला,” ती म्हणाली.

दुपारी फोन वाजला. वॉलेस मागे होता, धावत आला, उचलला. पलीकडून काहीच आवाज नाही.

“कोण आहे?”

“बाबा,” रोवेना म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. तिला कोणीतरी सांत्वनाचा निरोप पाठवला होता. “मला माहीत होतं खरं नाहीये. रविवारीच बोललो आपण. पण फोन नुसता वाजत होता, बाबा. नुसता वाजत होता.”

“मी कपडे वाळत घालत होतो गं.”

“हो. तेच ना.”

मग दोघंही बराच वेळ फोन धरून राहिली. असं न बोलता राहणं इतक्या महिन्यांत त्यांना जमलं नव्हतं.

वॉलेस दुसऱ्या दिवशी ग्रेमकडे गेला. ग्रेमने हात जोडायचे तेवढे बाकी ठेवले होते. पाटी काढायची तर अर्ज लागेल, आणि अर्जावर दिवंगताच्या वारसाची सही.

“दिवंगत मीच आहे,” वॉलेस म्हणाला.

“म्हणूनच तुम्हाला सही करता येत नाही,” ग्रेम म्हणाला, आणि खरंच त्याचे डोळे भरून आले.

तेव्हा वॉलेसने आयुष्यात पहिल्यांदा कायदा हातात घ्यायचं ठरवलं. कोटाच्या खिशात स्क्रूड्रायव्हर टाकला, दुसऱ्या खिशात पुस्तक, कारण पुस्तकाशिवाय तो बाहेर पडत नसे, आणि टेकाड चढून गेला. जोराचा वारा होता. खाली समुद्र करड्या रंगाचा, त्यावर पांढरे फटकारे.

बाकावर एक बाई बसली होती. साठीच्या पुढची, निळी लोकरी टोपी कानापर्यंत ओढलेली, हातात काहीही नाही. गावातली नव्हती. वॉलेस घुटमळला. मग स्क्रू बघायला वाकावं म्हणून जवळ गेला, आणि तिला वाटलं तो पाटी वाचतोय.

“तुम्ही ओळखत होता त्यांना?” तिने विचारलं.

वॉलेसने खिशातला स्क्रूड्रायव्हर आणखी खाली ढकलला. “तोंडओळख होती,” तो म्हणाला.

“कसे होते?”

असं त्याला कोणी कधी विचारलं नव्हतं. कसा आहेस, असं सगळे विचारायचे, पण उत्तरासाठी थांबायचे नाहीत. ही बाई थांबली होती. त्याने समुद्राकडे बघून प्रामाणिकपणे विचार केला.

“बरा होता. जरा एकलकोंडा. बायको गेल्यावर त्याला काही नीटसं जमलं नाही.”

“मलाही तसंच वाटलं होतं,” ती म्हणाली. “या, बसा ना.” आणि तिने सरकून जागा केली. तिचा नवरा टेकाडामागच्या वृद्धाश्रमात होता, हे तिने सांगितलं. आता तो तिला ओळखत नव्हता. रोज येऊन ती त्याला दिवसभराचं सगळं सांगायची, आणि तिथून निघालं की थेट घरी जाववायचं नाही. मग अलीकडे इथे थोडी टेकायची. “या टॅम्ब्लिनशी बोलते मी कधीकधी. मनातल्या मनात. चांगला ऐकतो.”

“हो. अबोलच होता तसा.”

त्याच्या खिशातून डोकावणारं पुस्तक तिला दिसलं. “तुम्ही वाचायला आला होता का? मग वाचा की. एक विचारू? मी काही बोलले नाही तर चालेल ना? आत्ता तिकडे सगळं बोलून आलेय.”

“चालेल,” वॉलेस म्हणाला. “अगदी चालेल.”

त्याने पुस्तक उघडलं. पानं वाऱ्याने फडफडत होती, अंगठ्याने दाबून धरावी लागत होती. ती समुद्राकडे बघत बसली. मधेच तिने टोपी आणखी खाली ओढली, मधेच त्याने पान उलटलं. किती वेळ गेला ते कळलं नाही. उठताना तिने विचारलं, तुमचं नाव? आणि वॉलेस गडबडला. आता खरं सांगावं तर ही बिचारी धसकायची, आणि शिवाय तिचा टॅम्ब्लिन तिच्याकडून काढून घेतल्यासारखं होईल.

“एर्नेस्ट,” तो म्हणाला. हे नाव कुठून आलं ते त्याचं त्यालाही सांगता येणार नाही.

पाटी तशीच राहिली. रोवेनाने वारस म्हणून सही करून अर्ज पाठवला होता, तो वॉलेसने अजून ग्रेमकडे दिलेला नाही. वाचनालयाचं कार्ड ब्रॉनवेनने परत आल्यावर चालू करून दिलं. वॉलेस हयात आहे हे आता गावाला बहुतेक मान्य आहे. दुपारी तो टेकाडावर जातो. ती रोज येत नाही. काही दिवस नवऱ्याची तब्येत बरी नसते, काही दिवस तिचीच नसते, आणि अशा दिवशी तिथे खूप वारा असतो आणि कोणीच नसतं. तो वाचत बसतो. कुत्रं घेऊन कोणी आलं आणि टेकायला बघू लागलं तर शेजारची जागा भरलेली दिसावी म्हणून त्याने तिथे आपली टोपी ठेवलेली असते.

परवा बऱ्याच दिवसांनी ती आली. पायवाटेवर निळी टोपी दिसली. वॉलेसने पुस्तकातून मान वर केली नाही, नुसता हात लांब करून बाकावरची टोपी उचलली, मांडीवर ठेवली आणि वाचत राहिला.